कार्मिक विभाग, पहिला मजला

सोमवारी दोन माणसं आली, स्कॅनर घेऊन.
परभणीच्या आमच्या ऑफिसला लिफ्ट नाही.
खय्यूममामूंनी मशीन खांद्यावर घेतलं
आणि जिन्यातच विचारलं, "मॅडम, हे काय छापतंय?"
"छापत नाही मामू. नुसतं बघतंय."

पत्र आधीच आलेलं होतं.
रजा, पगार, बदली, भरती, निवृत्ती
सगळं आता बाहेरची कंपनी बघणार,
बँकेनं आपल्या मूळ कामावर लक्ष द्यायचं.
एकोणतीस वर्षं मी करत आले
ते मूळ नव्हतं,
हे मला त्या पत्रातून कळलं.

कपाटं उघडली. डांबरगोळ्या, सुतळी, गंजलेल्या टाचण्या,
मे महिना, आणि कूलरमध्ये पाणी नाही.
फायलींच्या कडेला माझंच अक्षर, पेन्सिलीनं:
गव्हाणे. बायको डायलिसिसवर, नांदेडपासून लांब नको.
पाचंगेबाई. सही इंग्रजीत करतात, कागद मराठीत वाचून दाखवावा.
पठाण, कॅशियर. दहा रुपये कमी भरले की रात्रभर झोपत नाही.
काउंटरवरून काढावं,
पण काढलं असं वाटू देऊ नये.
हे लिही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
कुठल्या सर्क्युलरात नव्हतं.

"मॅडम, पेन्सिलीचं उमटंना गेलंय," मुंजाजी म्हणाला.
"मग?"
"मग काही नाही. तसंबी त्याला रकानाच नाही."

मुंजाजी पूर्ण्याचा. अंगात एका कंपनीचा शर्ट,
गळ्यात दुसरीचं कार्ड,
पगार तिसरीकडून.
"रजा कुणाला मागतोस?"
"एक सर आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर."
"नाव काय त्यांचं?"
"सरच म्हणताव आम्ही."
जरा थांबून म्हणाला,
"रजा असं काही नसतंय मॅडम. त्या दिवशी आपण नसताव, बस."
आणि पुढची फाइल काचेवर पालथी घातली.

बुधवारी दुपारी माझी फाइल आली.
एवढ्या वर्षांत ती मी कधी उघडली नव्हती,
स्वतःची फाइल बघायची नाही असा आमच्याकडे रिवाज.
नेमणुकीचं पत्र. फोटोत दोन वेण्या.
वारसाच्या रकान्यात ह्यांचं नाव, मग त्यावर आडवी रेघ,
मग मुलीचं नाव. ती रेघ मीच मारलेली, फूटपट्टी लावून.
आणि कडेला, बिडवई साहेबांचं बारीक अक्षर:
वट्टमवारबाई. रडत नाहीत. अधूनमधून विचारावं.

म्हणून ते विचारायचे.
चार वर्षं, दर शनिवारी, निघताना,
"काय वट्टमवार, बरंय ना?"
आणि मला वाटायचं, काय रिकामा माणूस आहे.

मुंजाजीनं हात पुढं केला.
झाकण पडलं. हिरवा उजेड इकडून तिकडं गेला.
पडद्यावर मी आले. वेण्या आल्या, रेघ आली,
कड पांढरी.

शुक्रवारी सगळं संपलं. रद्दीवाला पुढच्या आठवड्यात येणार होता.
मुंजाजी वायर गुंडाळत होता, डोळे चोळत.
कपाटाच्या तळाशी एक कोरी फाइल सापडली.
मी तिच्यावर नाव लिहिलं: मुंजाजी बापूराव ढगे.
क्रमांकाची जागा तशीच सोडली.
आत एक कागद लावला, कडेला पेन्सिलीनं:
आई पूर्ण्याला एकटी. डबा रोज अर्धा परत नेतो.
डोळे तपासून घ्यायला सांगावं.
कुणी सांगावं, ते लिहिलं नाही.

खय्यूममामूंनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.
"चावी कुणाला द्यायची मॅडम?
त्या पोरांनी तर घेतली नाही."
खाली रस्त्यावर मुंजाजी रिक्षाला हात करत होता,
मशीन पोटाशी धरून.
मी म्हटलं, "असू द्या सध्या तुमच्याकडंच."